कुल्लू-मनालीच्या खोऱ्यात आलिशान हॉटेलात राहायचंय? पुणेकरांचे नेहमीचे प्रश्न

मे महिना, दिवाळी आणि नाताळ जवळ आले की पुण्यातून मनालीच्या सहलीसाठी आमच्याकडे फोन सुरू होतात. पूर्वी पहिला प्रश्न "स्वस्तात कुठे होईल?" असा असायचा. हल्ली बरेच जण "एकदाच जातोय, हॉटेल मात्र चांगलं हवं" असं सांगूनच सुरुवात करतात. चांगल्या हॉटेलला पैसे मोजायला आमची ना नाही, फक्त त्या पैशांचं चीज व्हायला हवं. खोलीच्या फोटोंवरून ते कळत नाही. हॉटेल नदीच्या कुठल्या काठाला आहे, खोली पहाटे उबदार राहते का, आईंना किती पायऱ्या चढाव्या लागतात आणि दिवसातले किती तास तुम्ही तिथे असणार आहात, यावर ते ठरतं. लोक आम्हाला पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न आणि आम्ही देतो ती उत्तरं खाली आहेत.

फिरायलाच जातोय, मग एवढं महागडं हॉटेल घ्यावं का?

तुमचा कार्यक्रम आम्हाला सांगा, म्हणजे उत्तर देता येईल. सकाळी सातला गाडीत बसायचं, एक दिवस रोहतांग, एक दिवस सोलंग, एक दिवस मणिकरण-कसोल आणि रात्री नऊला परत, असा बेत असेल तर महागडं हॉटेल घेऊ नका. स्वच्छ, गरम पाणी देणारं साधं हॉटेल घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगली गाडी करा. ज्या गॅलरीत बसायचे पैसे मोजलेत ती तुम्ही अंधारातच बघणार असाल, तर त्या खर्चाला अर्थ नाही.

आलिशान हॉटेल घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी आम्ही आग्रहाने सांगतो. एकाच ठिकाणी किमान तीन रात्री राहा. आणि त्यातला एक अख्खा दिवस कुठलाही 'पॉइंट' न ठरवता मोकळा ठेवा. सहा रात्रींत सिमला, मनाली, धरमशाला, डलहौसी अशी चार हॉटेलं बदलणारा कार्यक्रम आणला, तर त्यातली दोन गावं काढायला आम्ही सुचवतो. चेक-इन दुपारी दोनला आणि चेक-आउट सकाळी अकराला, म्हणजे एका रात्रीचे पैसे भरून हाती जेमतेम एकवीस तास येतात, आणि त्यातले निम्मे झोप आणि आवराआवरीत जातात.

हॉटेल मनालीत कुठे घ्यावं?

या प्रश्नावर वेळ घालवा, कारण संकेतस्थळांवर पंधरा-वीस किलोमीटर लांबचं हॉटेलही 'मनाली' म्हणूनच दाखवतात. ते वाईटच असेल असं नाही, पण कुठे आहे ते माहीत असायला हवं.

बियास नदी इथे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. मनाली गाव, मॉल रोड, हिडिंबा मंदिर आणि खालचा मुख्य महामार्ग पश्चिम काठावर आहे. अलेओ, प्रिणी, जगतसुख, नग्गर हे सगळं पूर्व काठावर. मधलं खोरं अरुंद आणि दोन्ही बाजूंचे डोंगर उंच, त्यामुळे काठ बदलला की ऊन बदलतं. सकाळचा सूर्य पूर्वेच्या डोंगरामागून वर यायला वेळ घेतो. त्याचं पहिलं ऊन पश्चिम काठाच्या उतारावर पडतं आणि पूर्व काठ अजून सावलीतच असतो. दुपारनंतर उलटं होतं. पश्चिमेकडच्या हॉटेलांवर सावली लवकर उतरते आणि नग्गरच्या बाजूला ऊन रेंगाळतं. डिसेंबर-जानेवारीत हा फरक फार जाणवतो. गॅलरीत उन्हात बसून सकाळचा चहा घ्यायचा असेल तर पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड असलेली खोली मागा. उशिरा उठणारी मंडळी असतील तर नग्गरची बाजू उत्तम.

मॉल रोडच्या आसपास मोठी हॉटेलं आहेत, पण मेमध्ये तिथे हॉर्नचा आवाज रात्रीपर्यंत थांबत नाही. शांतता विकत घ्यायला निघालेल्यांनी तिथे राहू नये. जुनं मनाली आणि वशिष्ठ ही गावं सुंदर आहेत, पण रस्ते चिंचोळे. सामान आणि वडीलधारी माणसं घेऊन जाणाऱ्यांना आम्ही सिमसा, कन्याल, जगतसुख किंवा नग्गरकडचा भाग सुचवतो.

नग्गरबद्दल जरा जास्त सांगावंसं वाटतं. ही कुल्लूच्या राजांची जुनी राजधानी. तिथला दगड आणि देवदाराच्या तुळया यांचे एकावर एक थर देऊन बांधलेला किल्लेवजा वाडा आज हिमाचलच्या पर्यटन महामंडळाचं हॉटेल आहे. या बांधणीला काठ-कुणी म्हणतात. भूकंपाच्या प्रदेशात अशा भिंती हादरे सोसतात, म्हणून हिमाचलात जुनी घरं आणि मंदिरं याच पद्धतीने बांधलेली दिसतात. रशियन चित्रकार निकोलाय रोरिक १९२८ मध्ये नग्गरला स्थायिक झाले आणि १९४७ मध्ये त्यांचं निधन तिथेच झालं. त्यांचं घर आणि चित्रं पाहता येतात. पंचतारांकित थाट त्या वाड्यात मिळणार नाही, पण राहायला तिथे नाही गेलात तरी एक दुपार नक्की काढा.

नदीकाठची खोली घ्यावी की डोंगरावरची?

नदीचं पाणी ऐकत झोपण्याची कल्पना सगळ्यांनाच आवडते. पण जून-जुलैत बर्फ वितळलेलं पाणी आणि पाऊस एकत्र आले की बियासचा आवाज खळखळाट राहत नाही, त्याची घनगंभीर गर्जना होते. हलकी झोप असणाऱ्यांना त्याचा त्रास होतो. दुसरी बाजू सुरक्षेची. जुलै २०२३ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये बियासला आलेल्या पुराने काठावरच्या इमारती आणि रस्ते वाहून नेले. ऑक्टोबर ते मे नदीकाठी खुशाल राहा. जुलै-ऑगस्टमध्ये जाणारच असाल तर पात्रापासून चांगल्या उंचीवरचं हॉटेल घ्या. यात आम्ही तडजोड सुचवत नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

आमची पहिली पसंती ऑक्टोबर-नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुट्टीला. पावसाने हवा धुऊन निघालेली असते, शिखरं स्वच्छ दिसतात, दिवसा ऊन आणि रात्री कडक थंडी. दसऱ्याला धरून गेलात तर अजून एक योग साधतो. आपलं सोनं वाटून झालं की कुल्लूचा दसरा सुरू होतो आणि सात दिवस चालतो. विजयादशमीला ढालपूर मैदानावर रघुनाथजींचा रथ ओढतात आणि खोऱ्यातल्या गावोगावच्या देवता पालख्यांमधून भेटीला येतात. वारी बघत मोठ्या झालेल्या माणसाला तिथे अजिबात परकं वाटत नाही.

मार्चअखेर ते एप्रिल सफरचंदाच्या बागा पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरतात. त्या वेळी आपल्याकडे परीक्षा असतात, म्हणून पुण्याची गर्दी तिथे नसते. ज्यांच्या घरी शाळकरी मुलं नाहीत त्यांनी हे दिवस सोडू नयेत. मे-जूनमध्ये भाव सर्वात चढे आणि रस्ते तुंबलेले. सुट्टीमुळे तेव्हाच जाणं भाग असेल तर हॉटेल गावाबाहेरचं घ्या आणि सकाळी लवकर बाहेर पडा.

नाताळात बर्फ नक्की मिळेल ना?

नक्की असं कुणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगेल त्याच्याकडे बुकिंग करू नका. मनाली गावात बर्फ पडण्याची शक्यता जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जास्त. डिसेंबरअखेर गावात नसला तरी वर सोलंगला किंवा अटल बोगद्यापलीकडे लाहौलच्या खोऱ्यात बऱ्याचदा मिळतो.

खोली गरम असते का?

सकाळी सहाला रजईतून पाय बाहेर काढून बाथरूमच्या फरशीवर टेकवला की हॉटेलची खरी परीक्षा होते. खोलीत उष्णतेची सोय उत्तम असते, पण ती बऱ्याचदा बाथरूमच्या दारापाशी संपते. आत गुळगुळीत फरशी बर्फासारखी गार, खिडकीच्या फटीतून वारा, आणि शॉवरचं पाणी गरम व्हायला दोन मिनिटं. जानेवारीत तेवढी दोन मिनिटंही फार लांब वाटतात. म्हणून बुकिंगच्या आधी हॉटेलला थेट फोन करून विचारा: बाथरूममध्ये हीटर आहे का? जमीन लाकडी आहे की फरशीची? खिडक्यांना दुहेरी काच आहे का? पाण्याच्या नळ्यांना थंडीपासून आवरण आहे का? ते नसेल तर कडाक्याच्या रात्री नळात पाणी गोठतं.

सर्वात महत्त्वाचा प्रश्न जनरेटरचा आहे. हिमवृष्टीत वीज जाते. 'जनरेटर आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नका. त्यावर खोलीतले हीटर चालतात की फक्त दिवे, हे विचारा. दोन-तीनदा नीट विचारलं की खरं उत्तर मिळतं.

हीटरमध्येही फरक आहे. तेलाचा रेडिएटर हळू तापतो, पण हवा तेवढी कोरडी वाटत नाही आणि आवाजही नसतो. पंख्याचा ब्लोअर लगेच गरम करतो, पण पहाटेपर्यंत नाक-घसा सुकतो. अंथरुणाखालची विजेची चादर झोपायच्या अर्धा तास आधी लावा आणि झोपताना बंद करा. मनालीकडच्या घरांत लाकडं घालायची लोखंडी शेगडी असते, तिचं धुराडं छतातून बाहेर जातं. तिथे तिला तंदूर म्हणतात. काही चांगल्या हॉटेलांच्या बैठकीतही ती असते, तिच्याभोवती संध्याकाळ छान जाते. मात्र धुराडं नसलेली कोळशाची शेगडी बंद खोलीत घेऊन कधीही झोपू नका. कोळशातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच दगावतो.

पुण्याहून कसं जायचं?

पुण्याहून विमानाने चंडीगड आणि तिथून गाडी, हा सर्वात सोयीचा मार्ग. चंडीगड ते मनाली साधारण ३०० किलोमीटर. नवीन चौपदरी रस्ता आणि बोगद्यांमुळे वेळ वाचतो, तरी मंडीच्या पुढे पंडोह ते औट हा दरडींचा टप्पा आहे, त्यामुळे सगळा दिवस प्रवासालाच धरा. भुंतरला विमानतळ आहे, पण धावपट्टी लहान आणि चहूबाजूंनी डोंगर. तिथे छोटी विमानं उतरतात आणि हवा बिघडली की उड्डाण रद्द होतं. त्याच्या भरवशावर पुढचं कनेक्शन ठरवू नका. रेल्वेने जायचं असेल तर पुण्याहून सुटणारी झेलम एक्स्प्रेस अंबाल्याला उतरवते.

दिल्लीहून रात्रीच्या व्होल्वोने येणारे सकाळी आठ-नऊलाच मनालीत पोहोचतात आणि खोली दोनशिवाय मिळत नाही. चांगल्यात चांगल्या हॉटेलातही खोली रिकामी नसेल तर लॉबीत बसावं लागतं. लवकर चेक-इन हवं असेल तर ते बुकिंग करतानाच लेखी घ्या, गरज पडली तर अर्ध्या दिवसाचे पैसे भरा.

दरात काय काय धरलेलं असतं? सीपी, एमएपी म्हणजे काय?

ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुधा रात्रीचं. एपी म्हणजे तिन्ही वेळचं खाणं. गावाबाहेरच्या हॉटेलात एमएपी घ्या, कारण रात्री थंडीत गाडी काढून जेवायला बाहेर जाणं होत नाही आणि हॉटेलच्या मेनूकार्डावरचे दर वेगळे पडतात.

कर आधीच धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. १२,००० रुपयांच्या खोलीवर रोज २,१६० रुपये कर लागतो. तीन रात्रींचे ३६,००० वाटतात ते प्रत्यक्षात ४२,४८० होतात. अशा हॉटेलातल्या रेस्टॉरंटच्या बिलावरही १८ टक्केच लागतात.

२४ आणि ३१ डिसेंबरला बरीच हॉटेलं 'गाला डिनर' सक्तीचं करतात आणि त्याचे माणशी पैसे वेगळे घेतात. ते मूळ दरात नसतं. विचारून घ्या.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. झेपेल का?

उंचीचं म्हणाल तर बहुतेकांना झेपतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, सिंहगड १,३०० च्या आसपास, कळसूबाई १,६४६ आणि मनाली साधारण २,००० मीटर. म्हणजे रात्री तुम्ही कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंचावर झोपता, पण उंचीचा त्रास सहसा २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. पहिल्या दिवशी धावपळ नको, पाणी भरपूर प्यावं. हृदयाचा, दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवून या, आणि लाहौलमध्ये सिस्सूला (सुमारे ३,१०० मीटर) मुक्काम टाळा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी शेजाऱ्याने सांगितली म्हणून घेऊ नये, डॉक्टरांनी दिली तरच घ्यावी.

उंचीपेक्षा मोठी अडचण पायऱ्यांची असते. डोंगरउतारावरची हॉटेलं टप्प्याटप्प्याने बांधलेली असतात. स्वागतकक्ष वर, कॉटेज चाळीस पायऱ्या खाली, जेवणघर आणखी तिसऱ्याच पातळीवर. लिफ्ट मुख्य इमारतीपुरती. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून तीनदा जेवायला चढउतार करावी लागली की तिसऱ्या दिवशी ती व्यक्ती 'मी खोलीतच थांबते' म्हणते, आणि सगळ्या घराचा विरस होतो. म्हणून हॉटेलला सांगा, गाडी जिथे थांबते तिथून खोलीपर्यंत आणि खोलीपासून जेवणघरापर्यंत चालत जाऊन व्हिडिओ कॉलवर दाखवा. चांगलं हॉटेल आनंदाने दाखवतं. जे टाळाटाळ करतं ते आम्ही यादीतून काढतो. सगळ्यात महाग 'व्हॅली व्ह्यू कॉटेज'पेक्षा मुख्य इमारतीतली, जेवणघराच्या मजल्यावरची साधी खोली आई-बाबांसाठी कितीतरी चांगली.

शाकाहारी जेवण मिळतं का? उपवासाचं काय?

शाकाहारी मंडळींची काही अडचण होत नाही. बुफेमध्ये पंजाबी भाज्यांचा भर असतो आणि तिसऱ्या दिवशी पनीरचा कंटाळा येतो, एवढंच. म्हणून आदल्या दिवशी शेफला भेटून स्थानिक पदार्थ करायला सांगा. सिड्डू म्हणजे आंबवलेल्या कणकेत अक्रोड, खसखस किंवा उडदाचं सारण भरून वाफवलेला प्रकार. तो वाफाळता असतानाच कापून त्यावर तूप सोडतात. पहिला घास घेतल्यावर आपल्याकडचं कुणीही दुसरा मागतंच. राजमा तिथला खास असतो. दह्यातल्या चण्यांचा मदरा मिळाला तर सोडू नका. मासे खाणाऱ्यांसाठी ट्राउट आहे, खोऱ्यातच पतलीकुहलला त्याचं सरकारी संवर्धन केंद्र आहे.

चतुर्थी-एकादशी सांभाळणाऱ्यांनी साबुदाणा आणि दाण्याचं कूट पुण्याहून न्यावं. भिजवून ठेवायची सूचना रात्रीच द्या आणि सकाळी स्वयंपाकघरात जाऊन एकदा कृती सांगा. मनालीच्या उंचीवर पाणी साधारण ९३ अंशांना उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ-भात शिजायला वेळ लागतो. 'साधं वरण-भात' हवं असेल तर तासभर आधी सांगितलेलं बरं.

मोकळ्या दिवशी हॉटेलात करायचं काय?

सकाळी सातला, गाड्या यायच्या आधी, ढुंगरीच्या देवदार वनात जा. हिडिंबा मंदिर १५५३ सालचं, लाकडी आणि छपरांचे थर असलेलं. दहानंतर तिथे रांग लागते, सातला झाडांखाली जवळपास कुणी नसतं. परत येऊन सावकाश नाश्ता करा. दुपारी गॅलरीत पुस्तक घेऊन बसा आणि समोरच्या डोंगरावर ढग कसे चढतात ते बघा. संध्याकाळी हॉटेलच्या माळ्याबरोबर सफरचंदाच्या बागेत फिरा. हे लोक स्थानिक असतात आणि विचारलं तर भरभरून सांगतात. मुलांना तर ही चक्कर कुठल्याही झिपलाइनपेक्षा जास्त आवडते, हे आम्हाला पालकांनीच सांगितलंय.

रोहतांगला जावंच लागतं का?

नाही. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे, हिवाळ्यात बंद असते, गाडीला परवाना लागतो, दिवसाला १,२०० पर्यटक गाड्यांची मर्यादा आहे आणि मंगळवारी पर्यटकांच्या गाड्या सोडत नाहीत. त्याऐवजी ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे जा. अलीकडे हिरवं खोरं आणि पलीकडे लाहौलचे उघडे, कोरडे डोंगर, हा बदल काही मिनिटांत दिसतो. अर्ध्या दिवसात परत येता येतं.

मोबाइलला रेंज असते का?

मनालीत चांगली असते. हिमाचलात बाहेरचं प्रीपेड सिमही चालतं, जम्मू-काश्मीरसारखी अडचण नाही. तिथून कंपनीचं काम करणार असाल तर वायफाय खोलीत येतं की लॉबीतच, आणि वीज गेल्यावर चालू राहतं का, ते विचारा.

सेवाशुल्क आणि टिप?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बिलात सेवाशुल्क परस्पर लावता येत नाही. लावलं असेल तर काढायला सांगा. त्याऐवजी खोली आवरणाऱ्या आणि सामान उचलणाऱ्या माणसाच्या हातात थेट द्या. चाळीस पायऱ्यांवरून तुमच्या बॅगा त्यानेच वाहिलेल्या असतात.

ओळखपत्र कोणतं लागतं?

आधार, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. पॅन कार्डावर पत्ता नसल्याने ते चालत नाही. मुलांचंही न्या.

दरड कोसळून रस्ता बंद झाला तर पैसे परत मिळतात का?

हे पूर्णपणे बुकिंगच्या अटींवर आहे. 'नॉन-रिफंडेबल' दर थोडा स्वस्त असतो, पण पावसाळ्यात आणि जानेवारी-फेब्रुवारीत तो घेऊ नका. रस्ता अधिकृतपणे बंद असेल तर तारीख बदलून मिळेल, असं हॉटेलकडून ईमेलवर घ्या, फोनवरचं आश्वासन पुढे कामी येत नाही. परतीला चंडीगडहून पुण्याचं विमान ज्या दिवशी असेल, त्याच्या आदल्या रात्री चंडीगडमध्येच मुक्काम करा. मनालीहून सकाळी निघून त्याच संध्याकाळचं विमान पकडायचा बेत आम्ही कुणालाही आखून देत नाही.